रूट कॅनाल उपचार
रूट कॅनाल उपचार ही किडलेला किंवा इजा झालेला नैसर्गिक दात न काढता वाचवण्याची दंतवैद्यकातील पद्धत आहे. यात दाताच्या मुळातील नलिका स्वच्छ करून भरल्या जातात.

कारणे
दंतवल्क व दंतिन या कठीण थरांच्या आत रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला मऊ गर असतो. कीड गरापर्यंत पोहोचली की दाह होतो. कठीण आवरणामुळे सुजेला जागा न मिळाल्याने दात तीव्रपणे ठणकतो. गर मृत झाल्यावर ठणका थांबतो व दात बरा झाल्याचा समज होतो. मात्र संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात पसरू शकतो. मृत गराला रक्तपुरवठा नसल्याने केवळ प्रतिजैविकांनी हा संसर्ग नष्ट होत नाही. विदर्भात प्रचलित असलेल्या खर्ऱ्यातील कठीण सुपारी सतत चघळल्यानेही दात झिजतात व त्यांना तडे जाऊ शकतात.

पद्धत
क्ष-किरण चित्र घेऊन दात बधिर केला जातो. दाताला छिद्र पाडून बारीक कानशींनी गर काढतात आणि नलिका सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. पुढच्या दातात बहुधा एक, तर दाढेत तीन किंवा चार नलिका असतात. त्या गटापर्चा या वृक्षजन्य पदार्थाने भरतात. उपचारानंतर दाढेवर सहसा कॅप बसवतात; अन्यथा ती चावताना फुटण्याची शक्यता असते.

इतिहास
विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांच्या 1910 मधील व्याख्यानानंतर दातांतील संसर्ग अनेक शारीरिक रोगांचे मूळ असल्याचे मत बळावले आणि पुढील काही दशके असंख्य दात काढले गेले. पुढील संशोधनात या मताला पुरेसा आधार न मिळाल्याने दात वाचवण्याकडे पुन्हा कल वाढला.

वर्धा जिल्हा
वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथे 1991 मध्ये शरद पवार दंत महाविद्यालय स्थापन झाले. दंतवैद्यकाच्या शिक्षणासोबत तेथील रुग्णालयात रुग्णांवर उपचारही केले जातात.

मर्यादा
मूळ उभे चिरलेले असल्यास किंवा आधाराचे हाड फार झिजले असल्यास दात काढावा लागतो. उपचार अर्धवट सोडल्यास संसर्ग पुन्हा बळावतो.