यंत्र कपाटावर कधी ठेवायचं?

१९५६ साली बोस्टनच्या बर्वेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. गृहस्थ ५१ वर्षांचे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वजन एकशे वीस किलोच्या घरात. दिवसा कुठेही, कधीही झोप लागायची. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पत्ते खेळायचे. एका रात्री पोकरमध्ये हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. म्हणजे डाव जिंकल्यातच जमा! पण त्यांना पत्ते हातात धरूनच डुलकी लागली आणि डाव गेला. आपलं काहीतरी बिनसलंय हे तेव्हा पटलं आणि थोड्याच दिवसांत ते हॉस्पिटलात दाखल झाले. (बायकोने सांगून पटलं नव्हतं की काय, हे त्या लेखात नाही. पण अंदाज करायला हरकत नाही.)

बर्वेलनी या आजाराला नाव दिलं 'पिकविकियन सिंड्रोम'. डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. दार ठोठावता ठोठावता उभ्याउभ्या झोपणारा. त्याच्यावरून. आणि उपचार काय केला? कमी खायला घातलं. वजन उतरलं आणि माणूस सुधारला.

हा इतिहास मी उकरून काढायचं कारण घरातलं आहे. आमच्या दादांनी (माझे आतेभाऊ, नातेवाईक वाचकांना वेगळं सांगायला नको) दीड वर्षापूर्वी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. १२८ किलोंचे ८७ झाले. जुने शर्ट वाटून टाकले, पट्ट्याला नवी भोकं पाडली, आणि एक दिवस ते नाकाला लावायचं सीपॅपचं यंत्रही खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. वहिनी म्हणते, आता अजिबात घोरत नाहीत. आत्या म्हणते, बरं झालं, मेलं ते हत्तीच्या सोंडेसारखं. धाकटा भाऊ म्हणतो, डॉक्टरांना विचारलं का? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर यावर घमासान चालू आहे. दादा दर पंधरवड्याला नाशिक-पुणे गाडी स्वतः चालवतात, त्यामुळे हा विषय मला तरी गमतीवर सोडून देता येईना. म्हणून वाचत बसले.

बर्वेलना वाटलं होतं की चरबीच्या ओझ्याने छाती नीट फुलत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून गुंगी येते. ते काही अंशी खरंही होतं. पण १९६५ मध्ये मार्सेयला गास्तो आणि फ्रायबुर्गला युंग व कूलो यांनी अशा रुग्णांची झोप रात्रभर यंत्रावर नोंदवली. तेव्हा दिसलं की माणूस झोपला की श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो. रात्रभर हेच, आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही! अडथळा छातीत नव्हता, घशात होता. मग १९६९ साली कूलो मंडळींनी सरळ अडथळ्याच्या खाली, गळ्याला भोक पाडलं. रुग्ण बरे झाले. दिवसा भोकाला बूच लावायचं म्हणजे बोलता येतं, रात्री काढायचं म्हणजे झोपता येतं. कल्पना करा! पुढे १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो यांनी 'स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव रूढ केलं, पण जबर आजाराला हमखास इलाज तोच, गळ्यातलं भोक.

त्यातून सुटका केली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी. १९८० मध्ये त्यांच्या एका रुग्णाने गळा कापून घ्यायला नकार दिला, पण प्रयोगाला तयार झाला. सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरच्या धर्तीचा पंखा उलटा वापरला: हवा ओढायची नाही, नाकातून आत ढकलायची. घसा त्या हवेच्या दाबाने उघडा राहतो, इतकंच. माणूस रात्रभर झोपला. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांची माहिती छापून आली. मुखवटा नाकाला चिकटवावा लागायचा. आजचं दादांचं यंत्र म्हणजे त्याच कल्पनेचं सुबक रूप.

मात्र सीपॅप हा चष्म्यासारखा आहे. लावला की दिसतं, काढला की पुन्हा धूसर. त्यामुळे 'कोर्स पूर्ण झाला, आता बंद' असं त्यात काही नसतं. बंद करायचं तर मुळातला आजार गेला आहे हे दाखवावं लागतं.

इथे दुसरा इतिहास येऊन मिळतो. १९६६ मध्ये आयोवात मेसन आणि इटो यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली, १९९४ मध्ये ती दुर्बिणीने होऊ लागल्याचं प्रसिद्ध झालं. मधे १९९१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने ठरवलं की बीएमआय ४० च्या वर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, आणि ३५ च्या वर असून जबर अ‍ॅप्नियासारखा आजार असेल तरीही. म्हणजे अ‍ॅप्निया हे शस्त्रक्रियेचं तिकीटच झालं. मग शस्त्रक्रियेनंतर तो जातो का, हे कोणीतरी मोजणार हे ओघाने आलंच.

२००४ मध्ये बुकवाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं: ८५.७ टक्के रुग्णांचा अ‍ॅप्निया गेला. हाच आकडा दादांनी ग्रुपवर फेकला होता! पण 'गेला' कशाला म्हणायचं याची मोजपट्टी सगळीकडे एकच नव्हती. २००९ मध्ये ग्रीनबर्ग यांनी फक्त असे अभ्यास घेतले ज्यांत आधी आणि नंतर झोपेची प्रत्यक्ष तपासणी झाली होती. तासाला श्वास अडकण्याची सरासरी ५४.७ वरून १५.८ वर आली. उतार केवढा मोठा! पण ५ च्या आत नॉर्मल, १५ ते ३० मध्यम आजार. म्हणजे सरासरी रुग्ण हलका झाला, मोकळा नाही झाला.

२०१२ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास तर मी दोनदा वाचला. ६० रुग्ण, निम्म्यांना जठराला पट्टा बसवला, निम्म्यांना आहार-व्यायाम. दोन वर्षांत एका गटाचं वजन सरासरी २७.८ किलो घटलं, दुसऱ्याचं ५.१. आणि श्वास अडकणं कमी झालं २५.५ नी आणि १४ नी. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठाम म्हणता आला नाही. किलो आणि श्वास यांचा भाव सारखा नाही.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते मात्र १९९४ च्या एका छोट्या लेखाने. इस्राएलमधले पिलर, पेलेद आणि लावी. रुग्ण फक्त १४. शस्त्रक्रियेनंतर साडेचार महिन्यांनी तासाचा आकडा ४० वरून ११ वर आला होता. साडेसात वर्षांनी पुन्हा तपासलं तर २४! आणि वजन काही त्या मानाने वाढलेलं नव्हतं. वय वाढतं, घशाचे स्नायू सैलावतात, जबड्याची ठेवण तर जन्माचीच. चौदा जणांवरून जगाचा निकाल लावता येत नाही हे मान्य. पण 'एकदा तपासलं, झालं' हे म्हणणं त्या चौदा जणांनी माझ्यापुरतं तरी मोडून काढलं.

जबड्याची गोष्ट आपल्याला लागू आहे. २००४ मध्ये मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी शहरी मध्यमवयीन पुरुष तपासले. १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाची गडबड होती, ७.५ टक्क्यांना दिवसाच्या झोपेसह पूर्ण आजार. सगळेच काही १२८ किलोंचे नसणार.

तर बंद कधी करायचं? अमेरिकन झोपतज्ज्ञांनी २००५ मध्येच लिहून ठेवलंय की सीपॅपवरच्या माणसाचं वजन दहा टक्के उतरलं की तपासणी पुन्हा करावी. दादांचं तर बत्तीस टक्के उतरलं. ती तपासणी नुसती 'बंद करू का' यासाठी नसते. जुना दाब आता जास्त होत असतो, हवा पोटात जाते, चेहरा सुकल्यामुळे मुखवटा गळतो, आणि माणूस वैतागून खोकं बांधतो. बऱ्याचदा दाब कमी केला, मुखवटा बदलला की काम भागतं. घोरणं थांबलं हा पुरावा नाही, ताजंतवानं वाटतं हाही नाही. दोन्ही चांगली लक्षणं, इतकंच. रात्रभर यंत्राशिवाय झोपून, उताणं झोपल्यावर काय होतं आणि रक्तातला ऑक्सिजन किती खाली जातो हे पाहावं लागतं. आणि तोवर यंत्र चालू.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन लठ्ठ रुग्णांच्या मध्यम ते जबर अ‍ॅप्नियासाठी मंजूर केलं. म्हणजे आता सुरी न लावताही हाच प्रश्न घरोघरी येणार.

हे सगळं मी दादांना फोनवर वाचून दाखवलं. पोकरवाल्याची गोष्ट त्यांना फार आवडली. चौदा जणांची अजिबात आवडली नाही. "तुला काय, तुझ्या नाकाला नळी नाही," म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. शेवटी तडजोड अशी झाली की पुढच्या महिन्यात तपासणी, आणि खोकं आजच खाली. नाशिकहून वहिनीने फोटो पाठवलाय. यंत्र उशाशी, मुखवटा धुऊन दोरीवर वाळत घातलेला.