विज्ञानकथेंतील कोठडी व तिचे जनक

भयाच्या वाङ्मयांत स्थळाला पात्राइतकेंच महत्त्व असतें. भुताच्या गोष्टीला जसा ओसाड वाडा लागतो, तशी विज्ञानकथेंतून निघालेल्या भयनाट्याला कोठडी लागते. परंतु या कोठडीचा एक विशेष सहसा कोणी सांगत नाहीं. तो असा कीं, ती अंधारी नसते. अंधारकोठडी, काळकोठडी, तळघर हे आपल्या भाषेंतील शब्द उच्चारतांच ओल, उंदीर, गंजलेल्या बेड्या व दूर कोठें तरी लुकलुकणारा पलिता डोळ्यांपुढें उभा राहतो. विज्ञानकथेच्या कोठडींत यांपैकीं बहुधा कांहींच नसतें. तिच्या भिंती पांढऱ्या व गुळगुळीत असतात, दिवा रात्रंदिवस जळत असतो, पहारेकरी दिसतहि नाहीं. आणि तरी तिच्यांत बसलेला मनुष्य पाहून प्रेक्षकाच्या अंगावर कांटा उभा राहतो. हा फरक लेखकांच्या केवळ कल्पनेंतून उत्पन्न झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. कादंबरीकारांनीं ही कोठडी रंगविण्यापूर्वीं कितीतरी वर्षें गवंड्यांनीं ती दगडाविटांची बांधली होती. आणि तिचा आराखडा जुलमी राजांनीं नव्हे, तर दयाळु व सुशिक्षित गृहस्थांनीं काढला होता. या विलक्षण वंशावळीचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम जुनी कोठडी पाहूं. इटालियन चित्रकार पिरानेसी यानें सुमारें १७५० सालीं काल्पनिक तुरुंगांचीं १४ चित्रें प्रसिद्ध केलीं, व १७६१ मध्यें तींच अधिक काळीं करून, दोहोंची भर घालून, पुन्हां छापलीं. त्यांत प्रचंड कमानी, कोठेंच न पोंचणारे जिने, लोंबणारे दोर व साखळ्या आहेत. मनुष्य मात्र मुंगीएवढा आहे. १७६४ सालीं हॉरेस वॉलपोल यानें ओट्रँटोच्या किल्ल्याची कथा लिहून इंग्रजी भयकथेचा पाया घातला, आणि तेव्हांपासून भुयार व तळघर हें या वाङ्मयाचें घरच होऊन बसलें. या जुन्या कोठडीचे दोन गुण ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. एक, तेथें कैद्याचा शत्रु कोणी तरी ठराविक मनुष्य असतो. तो क्रूर असतो, आणि आपण क्रूर आहों हें त्याला ठाऊक असतें. दुसरा, तेथें काळोख असतो. आणि काळोख कैद्याला जितका छळतो तितकाच लपवितोहि. म्हणून जुन्या कथेंतील कैदी भिंत पोखरूं शकतो, कानस लपवूं शकतो, आणि पुष्कळदां पळूनहि जातो.

ही कोठडी मोडून काढण्याचें श्रेय ज्यांस द्यावयाचें, त्यांत जॉन हॉवर्ड याचें नांव पहिलें. १७७३ सालीं तो बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला, आणि निर्दोष ठरलेले कैदीहि तुरुंगाधिकाऱ्याची फी देतां न आल्यामुळें आंतच कुजत पडतात, हें त्याच्या दृष्टीस पडलें. तेव्हांपासून त्यानें एकामागून एक तुरुंग पाहण्याचा सपाटा चालविला, व १७७७ सालीं तुरुंगांच्या स्थितीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चोर, कर्जदार, पोरें, वेडे सर्व एकाच खोलींत कोंबलेले. हवा नाहीं, पाणी नाहीं. तापानें माणसें पटापट मरत. हॉवर्डनें मागणी केली ती स्वच्छतेची, हवेची, आणि प्रत्येकास रात्रीं निजावयास निराळ्या खोलीची. १७९० सालीं रशियांतील खेरसोन येथें, अशाच दौऱ्यावर असतां, तो तापानें मरण पावला. त्याच्या भूतदयेविषयीं शंका घेणें हा कृतघ्नपणा होईल. पण एकट्या मनुष्याची निराळी, स्वच्छ कोठडी ही कल्पना त्या दयेंतूनच बळावली, हेंहि विसरतां येत नाहीं.

तिला शास्त्राचें रूप दिलें तें जेरेमी बेंथॅम यानें. १७९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या योजनेंत वर्तुळाकार इमारत आहे. कोठड्या परिघावर, निरीक्षकाचा मनोरा मध्यभागीं. प्रत्येक कोठडीला बाहेरच्या बाजूस खिडकी. म्हणजे उजेड आरपार जाऊन आंतल्या मनुष्याची प्रत्येक हालचाल मनोऱ्यावरून दिसावी. मनोऱ्याला मात्र पडदे. म्हणजे आपल्याकडे या क्षणीं कोणी पाहत आहे कीं नाहीं, हें कैद्यास कधींच कळूं नये. कळत नाहीं म्हणून तो सदैव कोणी पाहत आहे असेंच धरून वागेल, हा त्यांतील हिशेब. काळोखाचा आसरा येथें संपला. आतां प्रकाश हाच पहारेकरी झाला, आणि तो पगार मागत नाहीं. ही इमारत बेंथॅमच्या हयातींत इंग्लंडांत उभी राहिली नाहीं. पार्लमेंटनें १८१३ सालीं त्याला २३,००० पौंड नुकसानभरपाई देऊन प्रकरण मिटविलें. परंतु कल्पना मिटली नाहीं.

१८२९ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें जॉन हॅविलंड यानें बांधलेला नवा तुरुंग उघडला. क्वेकर पंथाच्या सज्जनांची त्यामागें प्रेरणा होती. मनुष्य एकटा राहिला म्हणजे तो अंतर्मुख होईल, त्यास पश्चात्ताप होईल व तो सुधारेल, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी, छपरांतून येणारा उजेड, फिरावयास लहानसें स्वतंत्र अंगण. नांव जाऊन नंबर. आणि बाहेर नेण्याचा प्रसंग आला तर तोंडावर बुरखा. फटका नाहीं, शिवी नाहीं, शेजारहि नाहीं. १८४२ च्या मार्च महिन्यांत चार्लस डिकन्स याला हा तुरुंग मोठ्या अभिमानानें दाखविण्यांत आला. त्यानें त्याच वर्षीं लिहिलेल्या प्रवासवर्णनांत स्पष्ट सांगितलें कीं, व्यवस्थापकांचा हेतु चांगला आहे, पण आपण काय करीत आहों हें त्यांस कळत नाहीं. मेंदूशीं चाललेला हा सावकाश खेळ शरीराच्या कोणत्याहि छळापेक्षां भयंकर आहे, आणि त्याच्या जखमा दिसत नाहींत म्हणूनच अधिक भयंकर आहे.

त्याच मुक्कामांत फिलाडेल्फियास डिकन्सची भेट घेण्यास एडगर ॲलन पो आला होता, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. पो तेव्हां त्याच शहरीं राहत होता, आणि त्याची खोल विहीर व लंबक यांची प्रख्यात कथा त्याच वर्षाअखेरीस प्रसिद्ध झाली. परंतु त्या कथेंतील कोठडी स्पेनमधील जुनीच आहे: गडद काळोख, उंदीर, आणि पडद्याआडचे क्रूर धर्माधिकारी. जुन्या कोठडीचें सर्वोत्कृष्ट चित्र अशा रीतीनें नव्या कोठडीच्या शेजारीं बसून लिहिलें गेलें. नव्या कोठडीचें भय ओळखणाऱ्या कथालेखकाला अजून अवकाश होता.

त्याच १८४२ सालीं लंडनमध्यें पेंटनव्हिलचा तुरुंग सुरू झाला. ५२० कोठड्या, प्रत्येक १३ फूट लांब, ७ फूट रुंद व ९ फूट उंच. प्रार्थनामंदिरांतहि प्रत्येकास वेगळा खण. हाच नमुना मग दूरदूर गेला. आमच्या वाचकांस त्याच्या घराण्यांतील एक इमारत चांगली परिचित आहे. अंदमानांत १८९६ ते १९०६ या काळांत बांधलेल्या सेल्युलर जेलचें नांवच कोठडीवरून पडलें. मध्यें मनोरा, त्याच्यापासून फुटलेल्या ७ भुजा, सुमारें ७०० कोठड्या. आणि एका भुजेचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यास कैदी दिसूं नये. येथें सुधारणेची श्रद्धा गळून पडली होती; उरला होता तो केवळ आराखडा, आणि त्याला कोलूची जोड. इंदुभूषण रॉय यांनीं १९१२ सालीं तेथें गळफास लावून घेतला. उल्लासकर दत्त यांचें चित्त भ्रमून त्यांस वेड्यांच्या इस्पितळांत हलवावें लागलें. वि. दा. सावरकरांचें ‘माझी जन्मठेप’ १९२७ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून मराठी वाचकाला या कोठडीचें ज्ञान कल्पित कथांतून मिळविण्याची गरज उरली नाहीं.

आतां कथेकडे वळूं. एच. जी. वेल्स याच्या १९०१ च्या चंद्रावरील कादंबरींत एक लहानसा प्रसंग आहे. चंद्रावरील कांहीं पोरांना बरण्यांत कोंबून ठेवलेलें असतें. बाहेर असतात ते फक्त हात, कारण पुढें यंत्रावर तेवढ्याच अवयवाचें काम असतें. प्रवाशाला आधीं किळस येते. पण मुलांस मोकळें वाढूं देऊन मग त्यांचीं यंत्रें बनविण्याच्या पृथ्वीवरील रीतीपेक्षां ही बरी, अशी तो स्वतःची समजूत घालतो. शिक्षा नाहीं, द्वेष नाहीं, केवळ सोय: नव्या कोठडीचें मर्म वेल्सनें बरोबर हेरलें होतें.

त्याहून पुढें गेला तो रशियन लेखक झाम्यातिन. धंद्यानें तो जहाजांचा इंजिनियर. १९०५ च्या क्रांतींत भाग घेतल्याबद्दल झारच्या सरकारनें त्याला एकांत कोठडींत ठेविलें. १९२२ सालीं नव्या राजवटीनें धरलें, तेव्हां तो त्याच तुरुंगाच्या त्याच भागांत जाऊन पडला. या दोन अटकांच्या दरम्यान त्यानें ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिचें इंग्रजी भाषांतर १९२४ सालीं न्यूयॉर्कमध्यें निघालें. रशियांत ती छापली गेली १९८८ मध्यें. तिच्यांतील शहराचीं घरेंच कांचेचीं आहेत आणि नागरिकांस नांवांऐवजीं नंबर आहेत. बेंथॅमची आरपार उजेडाची खिडकी व फिलाडेल्फियाचा नंबर हीं दोन्ही येथें तुरुंगाबाहेर पडून सर्व राष्ट्राला लागू झालीं आहेत.

जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालीं या कादंबरीचें परीक्षण लिहिलें होतें. कोठडी त्यानें जवळून पाहिलेली. ब्रह्मदेशांतील पोलीस नोकरीच्या आधारें १९३१ सालीं लिहिलेल्या फांशीवरील निबंधांत त्यानें तेथील कोठड्यांस जनावरांच्या पिंजऱ्यांची उपमा दिली आहे. १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटीफोर’ मध्यें मात्र कोठडीला खिडकी नाहीं. भिंती चकाकणाऱ्या पांढऱ्या चिनीमातीच्या, दिवे लपविलेले व कधींच न विझणारे, आणि चारी भिंतींत पाहणारे पडदे. जेथें काळोख नाहीं अशा जागेचें आश्वासन नायकाला पूर्वीं मिळालेलें असतें. ती जागा हीच, हें त्यास फार उशिरां कळतें. १०१ क्रमांकाच्या खोलींत जुन्या तळघरांतील उंदीर परत येतात, पण पिंजऱ्यांतून, यंत्राच्या मोजमापानें. पोच्या कथेंत उंदीर कैद्याचे बंध कुरतडून त्यास सोडवितात; ऑर्वेलच्या कथेंत ते त्याचें मन मोडतात. १०७ वर्षांत झालेला फरक तो एवढा.

या कोठडीला नाट्यरूप मिळालें तें १२ डिसेंबर १९५४ रोजीं. नायजेल नील याचें रूपांतर, रुडॉल्फ कार्टियर याचें दिग्दर्शन व पीटर कुशिंग याची प्रमुख भूमिका असा हा प्रयोग बी.बी.सी.नें दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष दाखविला. तक्रारींचा भडिमार झाला, पार्लमेंटांत बाजूनें व विरुद्ध ठराव मांडले गेले. तरी चार दिवसांनीं प्रयोग पुन्हां झाला. याचें कारण केवळ उंदीर नव्हेत, असें आमचें मत आहे. रंगभूमीवरील कोठडी प्रेक्षकापासून दूर असते. ही त्याच्या घरांत, उजेड फेंकणाऱ्या एका पेटींत दिसत होती, आणि तिच्यांतला कैदी तशाच पेटीला भीत होता. पुढें जॉर्ज लुकस याच्या १९७१ च्या चित्रपटांत तुरुंगाच्या भिंतीहि नाहींशा होऊन केवळ अमर्याद पांढरेपणा उरला. आणि १९९७ च्या ‘क्यूब’ मध्यें एकसारख्या खोल्यांचें हें यंत्र कोणी व कां बांधलें, हेंच कोणास ठाऊक नाहीं. क्रूर शत्रूपासून निघालेली कोठडी अखेर शत्रुहीन झाली.

यावरून आम्हांस जें दिसतें तें हें. भयनाट्याचा लेखक नवें कांहीं रचीत नाहीं. तो बांधलेल्या कोठडींतून बांधणाराची श्रद्धा वजा करतो, आणि जें उरेल तें दाखवितो. म्हणून अशीं नाटकें पाहून ‘हें केवळ कल्पित’ असें समाधान मानण्याचा अधिकार आपणांस नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं स्वीकारलेल्या, नेल्सन मंडेलांच्या नांवाच्या नियमांनीं १५ दिवसांपलीकडील एकांतवास निषिद्ध ठरविला आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं, फांशीच्या कैद्यास तुरुंगाधिकाऱ्यांनीं आपल्या अधिकारांत एकांतांत कोंडूं नये, असा निर्णय दिला. तरीहि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत एकांतवासाची शिक्षा कायम आहे. मर्यादा इतकीच कीं, ती एका वेळीं १४ दिवसांहून व एकंदर ३ महिन्यांहून अधिक नसावी. ही मर्यादा घालणारेहि दयाळु असतील. परंतु १८४२ सालीं डिकन्सला कोठड्या दाखविणारे गृहस्थहि तसेच होते; आणि कोठडीची परीक्षा बांधणाराच्या हेतूवरून करावयाची नसते, आंत बसलेल्या मनुष्याचें काय झालें यावरून करावयाची असते.