छातीतली गाठ आणि मुंबईच्या वस्त्यांमधली वीस वर्षं

ऑक्टोबर आला की सगळीकडे गुलाबी रिबिनी दिसायला लागतात. चांगलंच आहे. पण स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा इतिहास आपल्या मुंबईत घडलाय आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय. बायकांनी वाचाच, पण घरातल्या पुरुषांनीही वाचा.

सुरुवात न्यूयॉर्कपासून. तिथे १९६३ साली सुमारे ६२ हजार बायकांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना दरवर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून हातानं तपासणी असं दोन्ही देऊ केलं. या गटात मृत्यू कमी झाले. पुढे जगभर नाव झालं ते मशीनचं. पण त्या अभ्यासातल्या बऱ्याच गाठी फक्त हातालाच सापडल्या होत्या, हे मागे पडलं.

आपल्याकडे मशीन कमी, फोटो वाचणारे तज्ज्ञ त्याहून कमी. शिवाय आपल्याकडे हा आजार तुलनेनं कमी वयात दिसतो आणि तरुण वयात मॅमोग्राफीचं चित्र तितकं स्पष्ट येत नाही. मग करायचं काय?

एक उत्तर चीनमध्ये तपासून पाहिलं गेलं. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांपैकी निम्म्यांना स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची ते शिकवलं. निकाल २००२ मध्ये आला: मृत्यू कमी झाले नाहीत. याचा अर्थ स्वतःच्या शरीराकडे लक्ष देऊ नका असा नाही. माझ्या मते अर्थ एवढाच, की बाईला शिकवलं आणि सगळी जबाबदारी तिच्यावरच टाकली, असं करून भागत नाही.

दुसरं उत्तर मुंबईनं दिलं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांचे २० गट केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, बायकांची स्तनतपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या आणि साधन होतं त्यांचे हात. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा.

वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांच्यातल्या ४७ टक्के बायकांचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेला होता. तपासणीच्या गटात हेच प्रमाण ३७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. तरी आजार लवकर कळला तर ऑपरेशन लहान होतं, स्तन वाचण्याची शक्यता वाढते, उपचार सोपे होतात. कर्ज काढून केमो केलेल्या घराला याची किंमत कळते.

आता आजचं बोलू. २०१६ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ३० वर्षांपुढच्या बायकांची स्तनतपासणी आहे, दर पाच वर्षांनी, तीही आरोग्य केंद्रात. आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्नही आहे. आणि प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! जी गोष्ट आपल्याच वस्त्यांमध्ये करून दाखवली, ती आपल्याच गावात कागदावर राहिली.

यात लाज आहे, 'घरात कुणाला सांगू' आहे. आणि सगळ्यात घातक म्हणजे 'दुखत तर नाही ना' हे आहे. बायांनो, ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून लक्षात ठेवा:

– स्तनात किंवा काखेत गाठ
– एका स्तनाचा आकार बदलणं
– कातडीला खळगा पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
– बोंडशी नव्यानं आत ओढली जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं
– बोंडशीवरची न भरणारी जखम

यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवणं आपलं काम नाही.

आणि एक काम सगळ्यांसाठी. आपल्या उपकेंद्रात जाऊन विचारा: स्तनतपासणी कोणत्या दिवशी होते? कोण करतं? त्यांना शिकवलंय का? आडोशाची खोली आहे का? उत्तर मिळालं नाही तर ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा. रस्ता आणि गटार आपण मागतोच की. हेही मागू या.