मुंबईने आपणांस काय दिले?

मोठ्या शहराची थोरवी सांगताना लोक त्यातील इमारती, पेढ्या व आगगाड्या यांची गणना करतात. परंतु ओळखीचे एकही माणूस नसताना तेथे उतरलेल्याला पाठ टेकावयास जागा मिळते की नाही, हीच शहराची खरी कसोटी होय. ह्या कसोटीवर गिरगाव, दादर, परळ व लालबाग ह्या वस्त्यांचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ साली ताडदेवास ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबागेत गिरण्यांची रांगच लागली आणि कोकणातून व घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. १९२१ च्या जनगणनेत शहरातील दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक बाहेर जन्मलेले आढळले. परगावच्या माणसांनीच ही नगरी वसविली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या माणसांना पहिला आधार दिला तो गावच्या खोलीने. गावकऱ्यांनी वर्गणी काढून खोली घ्यावयाची, भिंतीशी आपापली ट्रंक ठेवावयाची, आणि दिवसपाळीचा गडी उठून गेला की रात्रपाळीच्याने त्याच जागी अंग टाकावयाचे, अशी ती रीत होती. दुसरा आधार खाणावळीचा. पगार झाला की खाणावळीचे देणे फेडून उरलेल्याची गावी मनिऑर्डर होई. संप लांबला तर वाण्याची उधारी मात्र खाणावळ चालविणाऱ्या बाईच्याच माथी बसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, ते अशा भगिनींना सावकारी पाशातून सोडविण्यासाठीच.

ज्ञातिसंस्थांचा उदयही ह्याच गरजेतून झाला. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे भयंकर रूप दाखविले. १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन होऊन पुढे दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहती आखल्या गेल्या. गिरगावालगतच्या गावदेवीस १९१५ साली सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पतपेढ्या ही सारी गावच्या खोलीचीच विस्तारलेली रूपे होत.

परंतु हे दार सर्वांस सारखे उघडे नव्हते, हेही ज्ञातिबांधवांनी विसरू नये. गिरणीत विणकामाच्या खात्यास पगार अधिक. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात घेत नसत. एकाच मालकाविरुद्ध एकत्र लढणारे हात एका धोट्याला मात्र लागू शकत नव्हते! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय वेशीवर टांगला. ते स्वतः परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले होते. आपल्या माणसास आधार देणे हा धर्म खरा. पण तो आधार दुसऱ्यास अडविणारी भिंत झाला, तर शहरात येऊनही आपण गावची शीवच बरोबर आणली असे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावली. मुले डोंबिवली, विरारकडे गेली. चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. वऱ्हांड्यातून सहज होणारी विचारपूस बंद दारांमागे कठीण झाली.

मात्र परगावहून येणारा माणूस आजही येतोच आहे. कोणी परीक्षेसाठी येतो, कोणी आजारी आईस परळच्या रुग्णालयात घेऊन येतो. त्याला पहिल्या रात्री जागा कोण देणार? आपल्या पूर्वजांना ती कोणीतरी दिली, म्हणून आज आपण मुंबईकर म्हणवितो. संस्थेच्या वसतिगृहाचे दार उघडताना आडनाव विचारण्याआधी गरज विचारली जावी. ह्या शहराचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग दिसत नाही.