मिशेल कोत्ता : राजकीय पत्रकारितेतून प्रसारण-नियमनाकडे

फ्रान्समधील ज्येष्ठ राजकीय पत्रकार व प्रसारण क्षेत्रातील प्रशासक मिशेल कोत्ता यांचा जन्म १५ जून १९३७ रोजी नीस येथे झाला. ‘लेक्सप्रेस’ या साप्ताहिकातील राजकीय लेखनामुळे त्या नावारूपाला आल्या. १९८१ मध्ये त्यांच्याकडे ‘रेडिओ फ्रान्स’चे अध्यक्षपद आले.

सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या प्रमुखांची नेमणूक तोपर्यंत सरकार करीत असे. १९८२ च्या कायद्याने हा अधिकार नऊ सदस्यांच्या उच्च प्राधिकरणाकडे सोपविला आणि कोत्ता त्याच्या अध्यक्षा झाल्या. मात्र त्यांना या पदावर राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनीच नेमले होते. उर्वरित सदस्यांची निवडही राष्ट्राध्यक्ष आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष यांच्याकडे होती. ज्या सत्तेपासून अंतर राखायचे, नियुक्तीही तिच्याच हातची, हा पेच प्राधिकरणाला अखेरपर्यंत सुटला नाही. १९८६ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारने ते मोडीत काढले.

कोत्ता पुन्हा वृत्तक्षेत्रात परतल्या. खासगी झालेल्या ‘टीएफ १’ वाहिनीचा वृत्तविभाग त्यांनी सांभाळला. १९८१ प्रमाणेच १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील वादचर्चेच्याही त्या सहसंचालिका होत्या. त्या वेळी मितराँ यांच्यासमोर जाक शिराक होते. पुढे १९९९ ते २००२ या काळात त्या सार्वजनिक वाहिनी ‘फ्रान्स २’च्या महासंचालक होत्या. सत्तावर्तुळातील त्यांच्या दैनंदिन नोंदी नंतर अनेक खंडांत प्रसिद्ध झाल्या.