शिपायाच्या अंगावरचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावच्या गल्ल्यांतून सायंकाळी फेरफटका मारला, की दारोदार मातीचे किल्ले उभे राहिलेले दिसतात. बुरुजांवर मावळे, दरवाजाशी पहारेकरी, पायथ्याशी अळिवाची हिरवळ. मावळा बाजारातून आणलेला असो वा घरच्या मातीचा असो, त्याच्या अंगरख्याला रंग देण्याचा अधिकार मुले सहसा कोणाला सोडत नाहीत. आमच्या शाळेतील मुले तेव्हा मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : “सर, रंग कोणता आणू?” प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पाठीशी सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाकडे लक्ष न दिल्यामुळे एक शिक्षक या नात्याने मी कित्येक वर्षे त्या प्रश्नाचे अपुरे, किंबहुना घातक उत्तर देत आलो.

रंग म्हणजे आपण लाल, निळा, पिवळा एवढेच समजतो. वस्तुतः रंगाच्या डबीत दोन पदार्थ असतात. एक रंगद्रव्याची पूड आणि दुसरे त्या पुडीला धरून ठेवणारे माध्यम. मग ते डिंकाचे पाणी असो, सरस असो वा जवसाचे तेल असो. डोळ्यांना दिसते ती पूड. परंतु रंग टिकतो तो माध्यमावर. भाजलेली माती सच्छिद्र असते, ती पाण्यातला रंग पिऊन घेते. नाताळात आमच्या घरी गोठा मांडतात, त्यातल्या प्लास्टरच्या मेंढपाळांचेही तसेच. धातू मात्र काहीच पीत नाही. धातूवर लावलेला डिंकाचा रंग वाळला, की बोटाच्या घासण्यासरशी निघून येतो. म्हणून धातूचे शिपाई जन्मास आले तेव्हा त्यांच्याबरोबर तेलाचा रंगही आला.

हे शिपाई प्रथम मोठ्या प्रमाणावर निघाले ते जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरीच्या परिसरात. हिल्पर्ट घराण्यातील कथीलकाराने 1777 च्या सुमारास प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची आकृती ओतली. पुढे 1839 साली अर्न्स्ट हाइनरिक्सन याने तेथेच आपला कारखाना काढला आणि सुमारे तीस मिलिमीटर उंचीचा शिपाई रूढ केला. हे शिपाई पत्र्यासारखे चपटे असत. पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यात धातू ओतायचा आणि निघालेली आकृती रंगवायला घरोघर द्यायची. स्त्रिया आणि मुले नगावर मजुरी घेऊन हे काम करीत. चपट्या आकृतीला गोलाई द्यायची तर ती कुंचल्यानेच द्यावी लागते. एका बाजूस उजेड, दुसऱ्या बाजूस छाया, पट्ट्याच्या कडेला बारीक काळी रेघ. आजही लहान प्रतिमा रंगवणारे हेच करतात, कारण नखाएवढ्या चेहऱ्यावर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही; ती रंगवूनच दाखवावी लागते.

आता या तेली रंगातील एका वस्तूकडे आपले लक्ष वेधतो. पांढरा रंग म्हणून त्या काळी सर्वत्र वापरला जाई तो सफेता, म्हणजे शिशापासून केलेली पांढरी पूड. करण्याची जुनी डच रीत ऐकण्यासारखी आहे. मातीच्या भांड्यात थोडा शिरका ओतायचा, वर शिशाच्या पट्ट्या टांगायच्या आणि अशी भांडी शेणाच्या ढिगात पुरून ठेवायची. शेणाची ऊब, त्यातून निघणारा कर्बवायू आणि शिरक्याची वाफ यांच्या योगे काही आठवड्यांत शिशावर पांढरा थर चढतो. तो खरवडला की झाला सफेता. रंगाऱ्यांना तो फार प्रिय होता. खालचे सारे झाकतो, तेल लवकर वाळवतो, धातूला घट्ट बसतो. आपल्याकडचा पारंपरिक शेंदूर हे त्याच शिशाचे तांबडे भावंड आणि गाड्यांवरचा तो झगझगीत क्रोम पिवळा हेही त्याच कुळातले. शिसे विषारी आहे हे प्राचीनांनाही ठाऊक होते. परंतु गुण इतके सोयीचे, की त्याला सोडायला कोणी सहजासहजी धजले नाही.

लंडनच्या विल्यम ब्रिटन याने 1893 साली पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि बाहेरचा थर गोठताच आतला ओतून काढायचा. धातू वाचला, किंमत उतरली आणि सुमारे दोन इंच उंचीचे हे शिपाई सामान्य घरांतही पोहोचले. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या शिपायांच्या लढाईचे नियमच घालून दिले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे सुटत आणि शिपाई धडाधड कोसळत. अशा खेळात टिकायचा रंग चकचकीत आणि चिवटच हवा. म्हणून ते जुने शिपाई आज आपल्याला किंचित ओले असल्यासारखे दिसतात. त्या कारखान्याने शिशाचे शिपाई ओतणे थांबवले ते 1966 साली.

येथे माझा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. लहान आकृतीवर डोळा किंवा मिशी काढायची तर कुंचल्याचे टोक सुईसारखे हवे. ते करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे कुंचला ओठांत धरून फिरवणे. मला ती माझ्या शिक्षकांनी दाखवली आणि मी ती माझ्या विद्यार्थ्यांना दाखवली. रंग कोणता? तर दारे-खिडक्यांना लावायचा, हार्डवेअरच्या दुकानातला, छोट्या डबीतला तेली रंग. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात लागू झाला तो नोव्हेंबर 2017 मध्ये. त्यापूर्वीच्या डब्यांत, विशेषतः पिवळ्या आणि तांबड्यात, ते कितीतरी अधिक आढळे. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तो अपाय मागाहून भरून निघत नाही. मी त्या वर्गांतील मुलांची नावे आजही पाठ म्हणू शकतो.

आता सुदैवाने पर्याय हाताशी आहेत. इंग्लंडातील हल शहरी 1919 साली निघालेल्या कंपनीचे हम्ब्रॉल रंग प्लास्टिकच्या विमानांबरोबर जगभर गेले. पण तेही तेली कुळातलेच, वास उग्र, वाळायला रात्र लागणारे. खरा पालट केला तो अ‍ॅक्रिलिकने. पाण्यात मिसळणारे असे चित्रकारांचे रंग अमेरिकेत 1955 च्या सुमारास विकले जाऊ लागले. यात रंगद्रव्य राळेच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर पाण्यात तरंगत असते; पाणी उडाले, की ते कण एकमेकांना बिलगून पातळ पापुद्रा बनतात, आणि मग तो पाण्याने सुटत नाही. मात्र गुळगुळीत धातूवर वा प्लास्टिकवर हा पापुद्रा सोलून निघतो. त्यासाठी आकृती साबणाने धुऊन, वाळवून, आधी अस्तराचा हात द्यावा. रंग दुधासारखा पातळ करून दोनदा लावावा. एकदाच जाड थापला तर चेहऱ्यावरचे कोरीव काम बुजते. खोलगट भागांसाठी आणखी पातळ, गडद रंग सोडला की तो आपोआप सुरकुत्यांत उतरतो आणि छाया होते. कुंचल्याचे टोक कागदावर फिरवून करावे, ओठांवर कधीही नव्हे. अ‍ॅक्रिलिकमध्येही काही रंगद्रव्ये विषारी असतात, याचा पुष्कळांना विसर पडतो.

माझ्या वडिलांनी पूर्वी कॅम्पातील एका जुन्या सामानाच्या विक्रीतून शिशाचा एक घोडेस्वार आणला होता. तांबडा कोट, काळा घोडा, शेपटीकडचा रंग थोडा उडालेला. घर नव्याने लावले तेव्हा मी तो प्लायवुडाच्या नव्या, बंद कपाटात मोठ्या मानाने ठेवला. दोन पावसाळ्यांनंतर काढून पाहतो, तो तळव्यावर पांढरी भुकटी फुललेली! काही लाकडांतून, विशेषतः ओकमधून, आणि प्लायवुडाच्या गोंदातूनही आम्लाची वाफ निघते. दमट हवेत ती शिशाला लागली, की शिशाचा सफेता होऊ लागतो. शिरक्याच्या भांड्यात होत असे तेच, फक्त सावकाश. गंमत अशी, की कोट आणि घोडा जवळजवळ शाबूत होते. रंगाखालचे शिसे वाचले होते. तळवा कोणी कधी रंगवलाच नव्हता, कारण तो कोणाला दिसत नाही.

भुकटी फुंकायची नाही, हे आता मला ठाऊक होते. हातमोजे घालून ती ओल्या फडक्याने टिपली, फडके टाकून दिले आणि घोडेस्वार झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवला, बाजूला ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. दिवाळीत मुले आपले मावळे रंगवायला माझ्या ओसरीवर बसतात, तेव्हा बरणी वरच्या फळीवर असते. मुले ती पाहायला मागतात. मी ती खाली काढतो, झाकण मात्र उघडत नाही.