वर्ड 2007, तालुक्याचा टायपिस्ट आणि मोडलेला ‘मी’

“आपल्या लोकांना बदल नको असतो.” संगणक प्रशिक्षणाच्या वर्गात, कार्यालयातल्या बैठकीत, कधी कधी आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा उगम तपासावासा वाटतो. नवीन सॉफ्टवेअर आलं की जुना कारकून कुरकुरतो, ‘पहिलंच बरं होतं’ म्हणतो, आणि वर्गातला तरुण शिक्षक हसून हे वाक्य फेकतो. कुरकुरणारा मागास आणि कुरकुर न करणारा पुढारलेला, असा निवाडा जागच्या जागी लागून जातो.

मित्रहो, मायक्रोसॉफ्ट वर्डच्या एका आवृत्तीचा इतिहास घेऊन मी या निवाड्याची उलटतपासणी करणार आहे. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलंय आणि दिवसातला निम्मा वेळ लोकांचे अर्ज लिहिण्यात जातो. पण बी.ए.ला असताना तहसील कचेरीसमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात मी दोन वर्षं बसायचे, आणि या इतिहासाचा एक तुकडा मी तिथे डोळ्यांनी पाहिलाय.

दुकान चालवणारे काका आमच्याच वस्तीतले. मॅन्युअल मशीनवर मराठी 30 आणि 40 शब्द प्रतिमिनिट अशा दोन्ही परीक्षा पास. दहावी-बारावीनंतर टायपिंगची परीक्षा हा आपल्याकडे लिपिकाच्या नोकरीकडे जाणारा सरळ रस्ता होता. लिपिक-टंकलेखक पदाला आजही मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चं प्रमाणपत्र लागतं. वडील शेतमजूर किंवा सफाई कामगार आणि मुलगी टायपिंग क्लासला, हे चित्र माझ्या पिढीपर्यंत अगदी घरोघरचं. ज्यांना नोकरी लागली नाही, त्यांनी कचेरीसमोर टेबल टाकलं. टायपिस्टला दुय्यम समजणाऱ्यांना जाता जाता एकच आठवण करून देते: बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतली हस्तलिखितं टाइप करणारे हात नानकचंद रत्तूंचे होते.

तर काकांकडे संगणक आला तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी, वर्ड 2003 आणि कृतिदेव फॉन्ट होता. कृतिदेव म्हणजे काय, हे आजच्या मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या मुलांना सांगावं लागेल. संगणकाच्या पोटात ते अक्षर इंग्रजीच असतं. तुम्ही e दाबता, संगणक e म्हणूनच साठवतो, फक्त पडद्यावर e च्या जागी ‘म’ चं चित्र दाखवतो. मोठा E दाबला की अर्धा ‘म्’. h म्हणजे दीर्घ वेलांटी. रेमिंग्टन टाइपरायटरवर जी बोटं जिथे पडत, बहुतेक तिथेच ती इथेही पडत. म्हणून मशीनवरून संगणकावर येताना काकांच्या बोटांना नवं फारसं शिकावं लागलं नाही. बदल नको असणाऱ्या माणसाने यंत्रच बदललं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

अडचण वेगळीच होती. वर्डला हे सगळं इंग्रजी वाटायचं. प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. अख्खं प्रतिज्ञापत्र लालेलाल. यंत्राच्या लेखी आमची मराठी म्हणजे चुकलेली इंग्रजी! रेघ नुसती दिसायला वाईट, छापताना ती येत नाही. पण ऑटोकरेक्टचा त्रास कागदावर उतरायचा. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करणं ही वर्डची जुनी सवय. इंग्रजीत सोय, कृतिदेवमध्ये घात. प्रतिज्ञापत्राची सुरुवात कशी होते? ‘मी खाली सही करणार...’ काका eh टाइप करून स्पेस देत, आणि वर्ड त्याचं Eh करून टाकी. अख्खा ‘म’ जाऊन अर्धा ‘म्’, त्याला लटकलेली वेलांटी. दस्तऐवजातला पहिला शब्द ‘मी’, आणि तोच मोडलेला. कचेरीतला माणूस असा कागद परत करायचा, आणि जातीच्या दाखल्यासाठी पाचव्यांदा आलेल्या बाईला पुन्हा दुकानात यावं लागायचं.

यावरचा इलाज काकांना तोंडपाठ होता. टूल्स, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, मग खुणा काढून टाकायच्या. मशीन फॉरमॅट झालं की पहिलं काम हेच. सरळ अवतरण चिन्हाचं वाकडं करणं तिथेच बंद करायचं, कारण कृतिदेवमध्ये त्या कळीवर अर्धा ‘श्’ आणि अर्धा ‘ष्’ बसलेले. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. एका टायपिस्टने दुसऱ्याला सांगितलेलं ज्ञान होतं, आणि सगळ्या बाजारातल्या दुकानांची भाकरी त्यावर होती.

मग वर्ड 2007 आलं. जगाच्या बाजारात ते 30 जानेवारी 2007 ला आलं, आमच्या तालुक्यात वर्षा-दोन वर्षांनी, दुरुस्तीवाल्या पोराच्या सीडीतून. फाइल, एडिट, व्ह्यू, टूल्स ही ओळच गायब. जागी एक रुंद पट्टी, तिचं नाव रिबन. काका पडद्यावर ‘टूल्स’ शोधत राहिले. दोन दिवस सगळे ‘मी’ मोडत राहिले. शेवटी मीच एका मैत्रिणीला विचारून आले: डाव्या कोपऱ्यातलं रंगीत गोल चिन्ह हे बटण आहे, ते दाबायचं, खाली वर्ड ऑप्शन्स, त्यात प्रूफिंग, त्यात ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. ते गोल काकांना कंपनीचा शिक्का वाटला होता. काकांना हसणाऱ्यांनी पुढचं वाचावं. ते बटण आहे हे जगभरच्या अनेकांना कळलं नाही, आणि 2010 च्या आवृत्तीत कंपनीने गोल काढून ‘फाइल’ हा शब्द परत आणला.

हा बदल का केला? कंपनीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘अमुक सोय हवी’ म्हणून लोक ज्या मागण्या करत, त्यातल्या कितीतरी सोयी वर्डमध्ये आधीच होत्या, फक्त मेनूंच्या आत गाडलेल्या. ऑफिस 2000 मध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा लपवणारे मेनू काढून पाहिले, त्याने गोंधळ वाढला. म्हणून पुढे मोजणी करायचं ठरलं. ऑफिस 2003 सोबत कस्टमर एक्स्पिरियन्स इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम नावाची योजना आली. वापरणाऱ्याने होकार दिला तर कुठली आज्ञा किती वेळा दाबली, याची माहिती इंटरनेटवरून कंपनीकडे जायची. रिबनच्या रचनेत पुढे असलेले जेन्सन हॅरिस यांनी 2006 मध्ये त्यातले आकडे उघड लिहिले. वर्ड 2003 मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञा मिळून सुमारे 32 टक्के वापर. एकट्या पेस्टचा 11 टक्क्यांहून जास्त. ज्याला जास्त मतं, तो पट्टीवर पुढे.

लोकशाहीसारखं दिसतं ना? मग मतदार यादी तपासू या. परवान्याची प्रत, इंटरनेटची जोडणी आणि होकाराची खूण, या तिन्ही गोष्टी असतील त्याचीच बोटं मोजली गेली. काकांच्या दुकानात इंटरनेट नव्हतं. सीडी परवान्याची नव्हती, हे मी लपवत नाही. आणि समजा मोजले असते, तरी काय दिसलं असतं? ऑटोकरेक्टची खिडकी ते फॉरमॅटनंतर एकदाच उघडत. वर्षातून दोनदा. मोजणीत जवळजवळ शून्य. पण ती एक आज्ञा सापडली नाही तर त्यानंतरचा प्रत्येक कागद बाद. एखाद्या गोष्टीचा वापर किती वेळा होतो आणि तिच्यावाचून किती अडतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नमुना निवडीचा धडा असतो. तो इतक्या मोठ्या कंपनीला माहीत नसेल असं मी म्हणत नाही. तिच्या डोळ्यांसमोरचा ‘सामान्य वापरकर्ता’ आमच्या कचेरीसमोर बसत नव्हता, एवढंच म्हणते.

‘बदल नको’ म्हणणारे फक्त आपल्याकडे, हाही गैरसमज. 1978 साली आलेलं वर्डस्टार हे एकेकाळी टायपिंगच्या दुनियेतलं राज्य होतं, सगळं काम कंट्रोलच्या कळीवर. त्याच कंपनीने पुढे वर्डस्टार 2000 काढताना त्या आज्ञाच बदलल्या. अमेरिकेतल्या टायपिस्टांनी ते नाकारलं, बरेच जण वर्डपरफेक्टकडे गेले, आणि ते राज्य पुन्हा उभं राहिलं नाही. त्यांना कुणी मागास म्हटलं नाही, त्याला बाजाराचा कौल म्हटलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतली ते जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी 2014 मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपण अजून डॉसच्या यंत्रावर वर्डस्टार 4 मध्येच लिहितो. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. जुन्याला धरून राहणं मोठ्या लेखकाला शोभतं आणि तालुक्याच्या टायपिस्टला ‘अडाणी’ ठरवतं, ही तफावत आपल्याला ओळखीची वाटायला हवी. हॅरी ब्रेव्हरमनने 1974 च्या आपल्या ग्रंथात कारकुनी कामातलं कौशल्य कामगाराच्या हातून कसं सुटत जातं ते मांडलं. त्यात एक भर मला घालावीशी वाटते. कौशल्य हातात तसंच राहतं, फक्त त्याचा पत्ता बदलला जातो, आणि नवा पत्ता ज्याला आधी कळतो तो साहेब होतो.

आता दुसरी बाजू, कारण नुसती कंपनीला शिव्या देऊन भागणार नाही. मोडक्या ‘मी’ चं खरं मूळ फॉन्टच्या सोंगात होतं, आणि ते सोंग सोडायला आपणही उशीर केला. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची. विंडोज 2000 पासून मंगल फॉन्टसह मराठी खरीखुरी मराठी म्हणून लिहिता येत होती. मग काका तिकडे का गेले नाहीत? एक्सपीमध्ये त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी लागे, आणि खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. ती कुणाकडे होती? शिवाय इनस्क्रिप्टची कळरचना वेगळी, म्हणजे वीस वर्षांची बोटं पुन्हा पहिलीत. ही कारणं खरी आहेत. पण काकांची कारणं चळवळीला लागू पडत नाहीत. आपल्या पुस्तिका, परिपत्रकं, ठराव, अत्याचाराच्या प्रकरणांची सत्यशोधन टिपणं कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत वर्षानुवर्षं टाइप होत राहिली. चालतंय ना, मग कशाला? आज त्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. त्यात गावाचं नाव शोधता येत नाही, तारीख शोधता येत नाही. याचा दोष रेडमंडला देता येणार नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वर्ड 2007 मध्ये मेनू गेले, पण कळफलकावरचे जुने रस्ते बहुतेक शाबूत ठेवले होते. आल्ट धरून टी, मग ए, की ऑटोकरेक्टची खिडकी थेट उघडते. 2003 मध्ये टूल्सला जाण्याचा तोच रस्ता होता. म्हणजे तोडगा पहिल्या दिवसापासून होता, पडद्यावर त्याची पाटी नव्हती. कळांवर काम करणाऱ्या जुन्या जाणकारांचा विचार कंपनीने केला होता, हे मान्य केलंच पाहिजे. काका कळांवर मराठी टाइप करत आणि मेनू मात्र माउसने उघडत, कारण त्यांना मेनू दाखवणाऱ्याने माउस हातात दिला होता. त्या दोन दिवसांत परत आलेल्या कागदांचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत.

एक्सपी आणि ऑफिस 2003 या दोन्हींचा आधार कंपनीने एकाच दिवशी, 8 एप्रिल 2014 ला काढून घेतला. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. काकांच्या मुलाने गेल्या पावसाळ्यात मला सीडींचा एक गठ्ठा आणून दिला. “ताई, बघा काही कामाचं असलं तर.” गायरान जमिनीच्या अर्जांच्या प्रती त्यात आहेत, आणि काही कुटुंबांकडे आता मूळ कागद नाहीत, म्हणून मी रोज रात्री दोन-चार फाइली युनिकोडमध्ये आणते. रूपांतर करणारा प्रोग्राम बराच चांगला आहे. जे लिहिलंय तेच इमानदारीने बदलून देतो. परवा एक प्रतिज्ञापत्र उघडलं, बहुतेक त्याच दोन दिवसांतलं असावं. बाकी सगळं स्वच्छ आलं होतं. पहिला शब्द होता ‘म्ी’. तो हाताने दुरुस्त केला आणि पुढची फाइल घेतली.